धान्याचा श्वास

मराठी वर्तमानपत्रांत दर आठवड्याला कशाचे ना कशाचे पेव फुटलेले असते. कधी खासगी शिकवण्यांचे, कधी पतसंस्थांचे, कधी चौकाचौकांतल्या फलकांचे. हा शब्दप्रयोग इतका गुळगुळीत झाला आहे की, लिहिणाऱ्याला किंवा वाचणाऱ्याला प्रत्यक्ष पेव डोळ्यांपुढे आणायची गरज पडत नाही. पेव म्हणजे जमिनीत खणलेले धान्याचे कोठार, एवढे शब्दकोशात सापडते. पण मला प्रश्न पडला होता तो क्रियापदाचा. कोठार उघडतात, कणगी फोडतात किंवा रिकामी करतात. मग पेवच आपणहून का ‘फुटते’? आणि पेव फुटणे म्हणजे एखाद्या गोष्टीचा अचानक सुकाळ होणे, हा अर्थ कुठून आला?

या प्रश्नाचा माग काढताना मी धान्य साठवण्याच्या इतिहासात शिरलो. त्याचे उत्तर मला भाषेपेक्षा धान्याच्या स्वभावात सापडले. पेव थोडेसे उघडता येत नाही. कणगीतून रोज पायलीभर ज्वारी काढता येते, पेवातून नाही. एकदा तोंडावरचा दगड हलला आणि आत हवा शिरली की आतली सारी व्यवस्था मोडते. मग काही दिवसांत सगळे धान्य बाहेर काढावे लागते. कालपर्यंत ज्या जमिनीवरून माणसे चालत होती, तिथे आज ज्वारीच्या राशी दिसू लागतात. पेव फुटण्याचा अर्थ मी असा लावतो. तो पटण्यासाठी आधी धान्याकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागेल.

जिवंत दाणा

पोत्यातला दाणा मेलेला नसतो. त्यात कोंब निजलेला असतो आणि तो मंदपणे श्वास घेत असतो. श्वास म्हणजे हवेतला प्राणवायू घेऊन पिष्ट जाळणे. त्यातून कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि उष्णता बाहेर पडते. दाणा कोरडा आणि थंड असेल तर ही क्रिया जवळजवळ जाणवत नाही. तो दमट असेल तर श्वास वाढतो, श्वासातून आणखी पाणी आणि उष्णता निर्माण होते आणि त्या दोन्हींमुळे श्वास पुन्हा वाढतो. तापमान दहा अंशांनी चढले की हा वेग साधारण दुप्पट होतो. त्यात बुरशी आणि किडे यांचे श्वास मिसळले की राशीच्या पोटात हात घालवत नाही इतकी ती तापते. धान्य ‘गरम झाले’ असे आडते म्हणतात, तेव्हा ते शब्दशः खरे असते.

त्यातही अडचण अशी की धान्य हे उष्णतेचे फार मंद वाहक आहे, जवळपास लाकडासारखे. राशीच्या मध्यावर तयार झालेली उष्णता बाहेर यायला वाटच नसते.

म्हणून साठवणुकीचे प्रश्न मुळात तीनच आहेत: दाणा किती कोरडा आहे, किती थंड आहे आणि त्याला किती हवा मिळते. सीड सायन्सच्या अभ्यासकांत हॅरिंग्टन यांचा एक ढोबळ नियम प्रसिद्ध आहे. बियाण्यातला ओलावा एका टक्क्याने कमी झाला, किंवा तापमान साधारण साडेपाच अंश सेल्सिअसने उतरले, तर बियाण्याचे आयुष्य दुप्पट होते. हा नियम ठरावीक मर्यादेतच लागू पडतो, पण त्यातून एक गोष्ट लख्ख दिसते. भांडे कोणते आहे, याच्याआधी भांड्यात काय स्थितीतले धान्य पडते आहे, हा प्रश्न येतो. जगाच्या इतिहासात राजांनी बहुतेक वेळा भांड्याचा विचार केला आणि घरातल्या बायकांनी दाण्याचा.

पेवाचे पोट

पेवाचे तोंड अरुंद, माणूस उतरेल एवढेच, आणि पोट मोठे. ते घट्ट, पाणी न झिरपणाऱ्या जमिनीत, उंचवट्यावर खणतात. भेगाळणारी काळी माती त्याला चालत नाही. भिंतींना कडबा, पाचट किंवा भुसकटाचे अस्तर द्यायचे, धान्य गच्च भरायचे, वर पुन्हा भुसकट, मग दगड आणि त्यावर मातीचा उंचवटा, म्हणजे पावसाचे पाणी बाजूला वाहून जावे. सांगलीजवळ कृष्णाकाठी हरिपूरची पेवे हळदीसाठी प्रसिद्ध झाली आणि सांगलीच्या हळद-बाजाराचा मोठा आधार बनली. २००५च्या महापुरात त्यांतल्या बहुतेकांत पाणी शिरले आणि ती निकामी झाली.

पेव थंड असते म्हणून धान्य टिकते, असे अनेकदा लिहिले जाते. ते अर्धवट खरे आहे. काही मीटर खोल जमिनीचे तापमान वर्षभराच्या सरासरीभोवती स्थिर असते. दख्खनच्या पठारावर ते पंचवीस-सत्तावीस अंशांच्या आसपास येते. चैत्र-वैशाखातल्या चाळीस अंशांपेक्षा ते बरे, पण धान्यातल्या किड्यांना पंचवीस ते तेहतीस अंश हीच सर्वांत सुखाची हवा. म्हणजे निव्वळ गारव्यावर पेव चालले असते तर त्यात किड्यांचेच राज्य झाले असते.

खरे काम करतो तो बंदिस्तपणा. दाणे, बुरशी आणि किडे आतला प्राणवायू संपवतात आणि तिथे कार्बन डायऑक्साइड साचतो. प्राणवायू दोन-तीन टक्क्यांच्या खाली गेला की किडे गुदमरून मरतात. कीड स्वतःच्या श्वासानेच स्वतःला मारते. यासाठी वीज, औषध, पंखा असे काहीही लागत नाही. आणि तापमान स्थिर राहते, याचाही एक फायदा असतो. पत्र्याच्या कोठीत दिवसा तापणाऱ्या आणि रात्री निवणाऱ्या भिंतीजवळ दमटपणा इकडून तिकडे सरकतो आणि वरच्या थराला घाम फुटतो. जमिनीच्या पोटात तसे होत नाही.

याच हवेने माणसेही मारली आहेत. पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचे नाही, आधी तोंड मोकळे ठेवायचे, दिवा सोडून पाहायचा आणि तो विझला तर थांबायचे, हा शिरस्ता अनेक जिवांची किंमत देऊन शिकलेला आहे. तो फक्त आपलाच नाही. रोमन लेखक व्हॅरो याने इसवी सनपूर्व ३७च्या सुमारास शेतीवर जो ग्रंथ लिहिला, त्यात कॅपॅडोशिया, थ्रेस आणि स्पेनमधल्या भूमिगत धान्यखड्ड्यांची माहिती आहे. हवा न शिरेल असा खड्डा असेल तर गहू पन्नास वर्षे आणि बाजरीसारखे धान्य शंभरावर वर्षे टिकते, असे तो सांगतो आणि खड्डा उघडल्याबरोबर आत उतरलेली माणसे गुदमरल्याचेही बजावतो. त्याचे आकडे ऐकीव असतील, पण इशारा अनुभवाचाच आहे.

पेवाच्या उणिवाही होत्या. पेवातल्या ज्वारीला एक आंबूस वास येतो आणि भाकरीतही तो उतरतो. पेवात ओल शिरली तर वरचा-कडेचा थर कुजतो. आणि गुदमरलेल्या दाण्याची उगवणशक्ती भरवशाची राहत नाही. त्यामुळे बियाण्याची कणसे वेगळी काढून चुलीवरच्या धुरात टांगून ठेवणे, ही रीत पेवाच्या जोडीने चालत आली. खायचे धान्य श्वास कोंडून ठेवायचे आणि पेरायचे धान्य कोरड्या, उबदार धुरात जिवंत ठेवायचे, असा हा भेद होता.

देश आणि कोकण

मग पेव कोकणात का नाही? उत्तर दाण्यातल्या ओलाव्यात आहे. देशावरची मुख्य रब्बी ज्वारी माघ-फाल्गुनात कापणीला येते. हवा कोरडी, ऊन कडक, पाऊस गेलेला. कापून, कणसे खुडून, खळ्यावर मळून, वाऱ्यावर उफणून दाणा घरी येईपर्यंत तो आपोआप पुरेसा वाळलेला असतो. वाळवण्याचे काम पंचांग फुकट करून देते. असा कोरडा दाणा बंद करून ठेवणे सुरक्षित असते. ओला दाणा पेवात कोंडला तर तो आंबतो.

कोकणातला भात पावसाळा सरता-सरता आश्विन-कार्तिकात पिकतो. जमीन ओली, हवा दमट आणि पाण्याची पातळी वर. तिथे धान्य जमिनीत पुरणे म्हणजे त्याला बुडवणे. म्हणून तिथे बांबूच्या विणलेल्या, शेणाने सारवलेल्या कणग्या आल्या, भाताच्या पेंढ्यात गच्च बांधलेल्या मुड्या आल्या, आणि हे सगळे जमिनीपासून उंच ठेवले गेले. कणगीची भिंत थोडा श्वास घेते आणि भाताचे टरफल दाण्याचे रक्षण करते. कौटिल्यही कोष्ठागारातले धान्य उंचावर ठेवायला सांगतो. पेव आणि कणगी यांत श्रेष्ठ कोण, हा प्रश्न गैरलागू आहे. दोन्ही एकाच प्रश्नाची, वेगवेगळ्या ओलाव्याला दिलेली उत्तरे आहेत.

घराघरांत दाणा पारखण्याचे साधन होते दात. दाताखाली कट्‌कन फुटला तर वाळला, चेपला तर ओला. वाळवणाचे धान्य संध्याकाळी गोळा करायचे, पण उन्हाने तापलेले तसेच कोठीत भरायचे नाही. रात्रभर घरात पसरून निवू द्यायचे आणि सकाळी भरायचे, हाही दंडक. त्याचे कारण विचारले तर ‘घाम येतो’ असे उत्तर मिळते. त्या उत्तरात बाष्पाचे सारे शास्त्र आहे. पुढे त्याकडे पुन्हा यावे लागेल.

राजाची कोठारे

राज्यसत्तेला साठवण हवी होती ती दुष्काळासाठी आणि वेढ्यासाठी. अर्थशास्त्रात कोष्ठागारातला अर्धा साठा जनपदावरच्या संकटासाठी राखून ठेवावा आणि जुन्याच्या जागी नवे धान्य भरत राहावे, असा नियम आहे. धान्य साठवणे म्हणजे थांबण्याची ताकद साठवणे. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा पन्हाळा महिनोन्‌महिने तग धरू शकला, त्यामागे तटबंदी जशी होती तशी गडावरची शिबंदीही होती. पन्हाळ्यावरचा अंबरखाना आजही पाहता येतो. गंगा, यमुना, सरस्वती अशी त्याच्या कोठ्यांची नावे. गंगा कोठीत सोळा खण आहेत आणि प्रत्येक खणावरच्या चपट्या घुमटाला वरून धान्य ओतण्यासाठी भोक आहे. तिथे उभे राहिले की बांधणाऱ्यांची समजूत दिसते: एकच प्रचंड ढीग करण्याऐवजी धान्य खणाखणांत समान पसरावे.

याउलट उदाहरण पाटण्याचे. १७७०च्या बंगालच्या दुष्काळानंतर वॉरन हेस्टिंग्जच्या आदेशावरून कॅप्टन जॉन गार्स्टिनने १७८६ साली तिथे गोलघर बांधून पुरे केले. उंची २९ मीटर, पायथ्याशी भिंतीची जाडी साडेतीन मीटरच्या वर, बाहेरून चढणारा १४५ पायऱ्यांचा जिना, माथ्याशी धान्य ओतण्याचे भोक. एक लाख चाळीस हजार टन धान्य मावेल असे त्याचे माप सांगितले जाते. ते कधीच पूर्ण भरले गेले नाही. एका अर्थी बरेच झाले. गंगाकाठच्या दमट हवेतले एवढे धान्य, ना ते पेवासारखे बंद, ना कणगीसारखे मोकळे, एकाच घुमटाखाली. त्याच्या मध्यावर उष्णता साचली असती तर ती बाहेर काढायचा काही मार्ग नव्हता. दुष्काळ कायमचा हटवण्याची महत्त्वाकांक्षा त्या इमारतीच्या शिलालेखात आहे, पण कोठार भांड्याच्या आकाराने चालत नाही, हा धडा तिथे उभा आहे.

पोते आणि गोळी

स्वातंत्र्यानंतर अन्नधान्याची खरेदी आणि साठवण सरकारी व्यवस्थेकडे आली. १९५७ साली केंद्रीय वखार महामंडळ आणि १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ स्थापन झाले. मनमाडसारख्या ठिकाणी प्रचंड गोदामे धान्याने भरू लागली. साठवणुकीचे एकक झाले तागाचे पोते. पोते हाताळायला, मोजायला, रेल्वेत चढवायला सोयीचे. पण पोत्याची थप्पी ना हवाबंद असते ना पुरेशी हवेशीर. कोठारे पुरली नाहीत तेव्हा उघड्यावर, लाकडी चौकटींवर पोती रचून काळ्या पॉलिथिनने झाकण्याची पद्धत आली. त्या आवरणाखाली दिवसा तापमान चढते आणि रात्री आतून पाणी सुटते.

अशा साठवणुकीला कीड लागणारच. उपाय ठरला विषारी वायू. ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांना हवेतला ओलावा लागला की फॉस्फिन वायू सुटतो आणि थप्पीवर ताडपत्री घालून किडे मारले जातात. दुसरे औषध, मिथाइल ब्रोमाइड, ओझोनचा थर विरवते म्हणून १९८७च्या माँट्रिअल करारानंतर हळूहळू वापरातून गेले. फॉस्फिन राहिले आणि त्याच्यावरचा भार वाढला. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सत्तरच्या दशकात जगभरच्या किड्यांची तपासणी केली, तेव्हाच काही किडे या वायूला सरावल्याचे दिसले होते. पुढे हे प्रमाण वाढतच गेले. ताडपत्री नीट बंद नसते, वायू गळतो, अर्धवट मात्रेतून जे किडे वाचतात त्यांची प्रजा अधिक चिवट होते. आणि बंद घरात धान्यात ठेवलेल्या अशा गोळ्यांनी कुटुंबे दगावल्याच्या बातम्या आपण वाचतोच.

इथे लक्षात घ्यायचे ते असे की, गोळीलाही शेवटी हवाबंदपणाच लागतो. तो जर नीट साधला तर गोळीविनाही बरेच काम होते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत साठच्या दशकात तयार झालेली ‘पुसा कोठी’ हे याचे उदाहरण. मातीच्या दोन भिंतींमध्ये पॉलिथिनचा थर. पेवाचा बंदिस्तपणा घराच्या ओसरीवर आणण्याचाच तो प्रयत्न होता.

सुकवण्याचा खर्च, निववण्याचा खर्च

विषाशिवाय दुसरा मार्ग म्हणजे दाणा थंड ठेवणे. पंधरा अंशांच्या खाली बहुतेक साठवणकिडींची वाढ थांबते. शीतकरण महागडे असेल, ते परदेशांतच शोभते, असे मलाही सुरुवातीला कोणीतरी सुनावले होते. म्हणून मी साधा हिशोब मांडला.

एक टन ओला मका घ्या, ओलावा २० टक्के. तो १२ टक्क्यांवर आणायचा. कोरडा भाग ८०० किलो, म्हणजे वाळल्यावर वजन साधारण ९०९ किलो आणि उडवायचे पाणी ९१ किलो. एका किलो पाण्याची वाफ करायला सुमारे अडीच मेगाज्यूल उष्णता लागते. म्हणजे अगदी काटकसरीनेही २२७ मेगाज्यूल, विजेच्या भाषेत ६३ युनिट. प्रत्यक्ष ड्रायरमध्ये बरीच उष्णता धुरासोबत निघून जाते, त्यामुळे खर्च दीडपट-दुपटीवर जातो.

आता तोच एक टन धान्य पंधरा अंशांनी निववायचे. त्यासाठी काढून टाकायची उष्णता सुमारे २७ मेगाज्यूल, म्हणजे साडेसात युनिट. शीतयंत्र एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता हलवते. तेव्हा वीज लागली तीन-चार युनिट आणि वर पंख्याची. आणि डिसेंबर-जानेवारीतल्या रात्रीची गार, कोरडी हवा वापरली तर शीतयंत्रही नको, फक्त पंखा पुरतो. विदर्भ-खानदेश-मराठवाड्यातल्या रात्री त्या दिवसांत दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात. पावसाळ्यातली दमट हवा मात्र उपयोगाची नाही, ती दाणा पुन्हा ओला करते. एकदा निवलेली मोठी रास आठवड्यानुआठवडे थंड राहते, कारण धान्य उष्णतेचे मंद वाहक आहे. गोलघरासाठी जो दोष ठरला असता तोच इथे गुण ठरतो.

वाळवण्यातही काटकसर शक्य आहे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या परिसरात जी. एच. फॉस्टर यांनी साठच्या दशकात एक पद्धत मांडली. ड्रायरमध्ये दाणा पूर्ण वाळेपर्यंत तापवायचा नाही. एक-दोन टक्के ओलावा शिल्लक असतानाच गरम दाणा काढून काही तास मुरू द्यायचा, म्हणजे आतले पाणी बाहेरच्या सालीकडे येते. मग मंद हवेने तो निववायचा. दाण्यातली उरलेली उष्णताच शेवटचे पाणी घेऊन जाते. इंधन वाचते आणि घाईने निववताना पडणाऱ्या भेगाही कमी होतात. हे वाचताना मला ते वाळवण रात्रभर निवू देणारे घर आठवले. तिथे हेतू घामाचा होता, इंधनाचा नव्हता, पण तापलेला दाणा ताबडतोब कोंडायचा नाही, हे तत्त्व दोन्हीकडे सारखेच आहे.

खळ्यावरचा वेळ

इतिहासातली सर्वांत स्वस्त वाळवण-यंत्रणा कोणती, असे विचारले तर मी वेळ म्हणेन. पूर्वी पीक कापल्यावर पेंढ्या बांधायच्या, सुडी रचायची, काही दिवस-आठवडे ती वाऱ्यावर राहायची, मग मळणी. हार्वेस्टर आल्यापासून कापणी आणि मळणी एकाच फेरीत होते. दाणा शेतातून ओलाच ट्रॉलीत पडतो आणि त्याच दिवशी बाजारात जातो. मजूर मिळत नाही, पाऊस परत येतो, म्हणून यंत्र लावणाऱ्या शेतकऱ्याला दोष देता येणार नाही. पण सुडीने जे काम फुकट केले होते ते आता कोणी करायचे, हा प्रश्न उरतो.

तो प्रश्न सोयाबीनच्या रूपाने समोर उभा राहिला. हे पीक रब्बी ज्वारीसारखे कोरड्या हवेत येत नाही, पावसाच्या शेवटच्या सरींत येते. हमीभावाने खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा १२ टक्के होती. नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली. शेतकऱ्यांना दिलासा मिळाला, पण जादाचे तीन टक्के पाणी कागदावरून गेले तरी दाण्यातून गेले नाही. ते कुठल्या ना कुठल्या गोदामात श्वास घेत राहते. ज्याच्याकडे वाळवायची जागा, पंखा आणि दोन महिने थांबण्याची ऐपत आहे, तो भाव पाहून विकतो. ज्याच्याकडे नाही, तो ओलाव्याच्या यंत्रावर जो आकडा उमटेल त्यात काट सोसून त्याच दिवशी विकतो. गावपातळीवर फरशीचे सामायिक खळे, साधा हवा खेळवणारा पंखा आणि रात्रीची हवा कधी घ्यायची हे सांगणारा आर्द्रतामापक, एवढ्याने या दोघांतले अंतर बरेच कमी होईल. यातली एकही गोष्ट गोलघराएवढी भव्य नाही. कदाचित म्हणूनच तिचे उद्घाटन होत नाही.

मंगळवेढ्याच्या काळ्या रानात आजही कोरड्या हवेत ज्वारी पिकते. तिथल्या दामाजीपंतांची कथा आपल्याला लहानपणापासून माहीत असते. दुष्काळात त्यांनी बादशहाची धान्यकोठारे भुकेल्यांसाठी खुली केली आणि विठ्ठलाने विठू महार होऊन बिदरला त्याची रक्कम भरली. कथा दामाजीपंतांच्या धैर्याची आहे आणि विठ्ठलाच्या कृपेची आहे, ते योग्यच आहे. मात्र कोठारे उघडली तेव्हा आतले धान्य खाण्याजोगे निघाले, यामागे ते वाळवणाऱ्या, निववणाऱ्या आणि दाताखाली पारखणाऱ्या कितीतरी हातांचे काम होते. त्यांची नावे कुठल्याच कथेत नाहीत.